तेल काढलं, आता त्याची कामं कोण करणार?

ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून उभी असते, तेव्हा खरं तर आश्चर्य वाटायला हवं. इंजिन फिरतंय, चाकं थांबलीत आणि मधली जोडणी कुणीच सोडवलेली नाही. मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता हे करून बघा, एका गचक्यात इंजिन बंद. हा फरक काही लिटर तेलाचा आहे.

ऑफ-रोड गाडीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून मॅन्युअल बसवायचं वेड ज्यांना लागतं, त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा गिअरचा दांडा असतो. पण गाडीतून खरं जातं ते हे तेल, आणि ते निमूटपणे चार-पाच कामं करत होतं हे गेल्यावर कळतं.

हे तेल असतं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे आहेत असं समजा. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल भिरकावतो, त्या झोताने दुसरा फिरतो, आणि तो गिअरबॉक्सला जोडलेला असतो. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या डोक्यात मोटारी नव्हत्या, जहाजं होती. वाफेचं टर्बाइन भन्नाट वेगाने फिरतं, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला पाहिजे. त्या दोघांची सांगड घालायची होती.

दोन पंख्यांच्या मध्ये तिसरा, लहानसा स्टेटर असतो. परतणाऱ्या तेलाला तो असं वळवतो की ते पहिल्या पंख्याला अडवण्याऐवजी मदतच करतं. त्यामुळे चाकं अडलेली असताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट होऊन पुढे जातो. गाडीने वेग घेतला की ही वाढ विरत जाते. शिवाय पुढे जाणारा टॉर्क इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: चाकं अडलेली असताना मिनिटाचे फेरे ७०० वरून २१०० वर नेले, तर टॉर्क तिप्पट नव्हे, नऊपट. म्हणून आयडलिंगला ब्रेकने गाडी सहज थोपते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच दगडावर चढू लागते.

आता आकडे मांडू. १९९० च्या दशकातली चार लिटर इंजिनाची जीप चेरोकी घ्या. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८०, ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लो रेंज, म्हणजे तिचा सावकाश पण जोरदार गिअर, २.७२, अ‍ॅक्सलचा गिअर ३.५५. गुणाकार २७, म्हणजे इंजिनाचा टॉर्क चाकांपर्यंत २७ पट होऊन पोचतो. त्याच काळातल्या पाच गिअरच्या मॅन्युअलचा पहिला गिअर ३.८३, बाकी सगळं तेच ठेवलं तर गुणाकार ३७. कागदावर मॅन्युअल जिंकला. ७०० फेऱ्यांवर आणि पाऊण मीटर व्यासाच्या टायरवर तो ताशी पावणेतीन किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही हळू, रांगेल.

पण हा हिशेब अर्धवट आहे. अडलेल्या चाकांवर तेल जी दुप्पट करत होतं ती धरली, तर ऑटोमॅटिकचे २७ चे ५४ होतात. म्हणजे नेमक्या दगडावर, जिथे गाडी जागची हलत नाही तिथे, नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा दुबळा पडतो. म्हणूनच दगडांत उतरणारे लोक आणखी खोल लो रेंजची ट्रान्स्फर केस शोधतात. मला विचाराल तर ती आधी बघावी, गिअरबॉक्स नंतर.

ती उणीव हाफ क्लचवर भागवू म्हटलं, तर उष्णता आडवी येते. क्लच प्लेट १५० न्यूटन-मीटर टॉर्क वाहतेय आणि दोन बाजूंच्या वेगात मिनिटाला १९०० फेऱ्यांचा फरक आहे, तर तिथे ३० किलोवॅट उष्णता तयार होते. कन्व्हर्टरही घसरताना तापतो, पण त्याचं तेल कूलरपर्यंत जाऊन थंड होऊन येतं. प्लेटला ती सोय नाही. काही सेकंदांत जळका वास येतो तो त्यामुळेच.

झटके पचवायचं काम जातं फ्लायव्हीलकडे. ऑटोमॅटिकमध्ये तिथे पत्र्याची पातळ तबकडी असते, कारण तेलाने भरलेला कन्व्हर्टरच पुरेसा जड असतो. मॅन्युअलला बिडाचं किंवा पोलादाचं वजनदार चाक लागतं. चाकं क्षणभर अडली तरी त्यात साठलेली ऊर्जा इंजिनाला बंद पडू देत नाही. या चेरोकीत एक गंमत आहे. क्रँकशाफ्टचा सेन्सर बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचावर, बसतो आणि या चाकाच्या कडेच्या खाचा मोजतो. खाचांची रचना जुळली नाही, तर सगळं नीट बसवूनही ठिणगी पडत नाही.

बाकीची यादी लांब आहे, पण तिच्यात कोडं फारसं नाही: तिसरं पेडल, क्लचचे दोन सिलिंडर, क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग, बदललेल्या लांबीचा प्रोपेलर शाफ्ट, दांड्यासाठी फ्लोअरला भोक. ट्रान्स्फर केसच्या शाफ्टचे दात मात्र आधी मोजावेत. एकीकडे २१ आणि दुसरीकडे २३ निघाले तर काम तिथेच अडतं. नव्या गाड्यांत संगणकाचा प्रश्न याहून मोठा. गिअरबॉक्सचा संगणक गप्प झाला की इंजिनाचा संगणक बिघाड समजून ताकदच कमी करतो. जुन्या चेरोकीत दोघे वेगळे असल्यामुळे, स्टार्टर अडवणाऱ्या न्यूट्रल स्विचची वायर जोडून दिली की बहुतेक भागतं.

उतारावर मात्र तेल नसल्याचा फायदाच होतो. चाकं इंजिनाला ओढू लागली की लॉक न झालेला, म्हणजे दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट न जोडलेला, कन्व्हर्टर घसरतो. मॅन्युअलमध्ये मधे घसरायला काही नाही, इंजिन गाडीला थेट धरून ठेवतं. चढावर बंद पडलात तरी हीच घट्ट जोडणी कामी येते. लो रेंज, पहिला गिअर, क्लच न दाबता चावी फिरवायची: स्टार्टरची मोटर आधी गाडीच पुढे ढकलते, मग इंजिन पेटतं आणि गाडी इंचभरही मागे येत नाही. यासाठी क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरू देणारा स्विच बाजूला काढावा लागतो. टोयोटाने आपल्या काही मॅन्युअल फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्डवर वेगळं बटणच दिलं होतं.