डोव्हरचं सूर्यघर आणि एकवीस टन मीठ

२४ डिसेंबर १९४८. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी एक कुटुंब नव्या घरात राहायला गेलं. बाहेर कडाक्याची थंडी आणि घरात खोल्या तापवायला भट्टीच नाही! ऊब मिळणार ती उन्हाची. पैसे शिल्पकार अमेलिया पीबॉडी यांचे, आराखडा वास्तुरचनाकार एलिनॉर रेमंड यांचा आणि उष्णतेचं गणित मारिया तेल्केश यांचं.

तेल्केश मूळच्या बुडापेस्टच्या. जन्म १९००, डॉक्टरेट १९२४, मग अमेरिका. १९३९ पासून त्या एमआयटी या मॅसॅच्युसेट्समधल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सौरऊर्जा प्रकल्पात होत्या. युद्धकाळात त्यांनी जीवरक्षक तराफ्यांसाठी समुद्राचं पाणी उन्हावर गोडं करणारं उपकरण बनवलं.

ऊन दिवसा मिळतं, थंडी वाजते रात्री. म्हणजे खरा प्रश्न साठवणीचा. एमआयटीच्या पहिल्या सौरघरात त्यासाठी पाण्याची टाकी होती. तेल्केश यांनी निवडलं ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे स्फटिकांत पाणी धरून ठेवणारं सोडियम सल्फेट हे मीठ, जे पूर्वी पोट साफ होण्यासाठी देत! ते साधारण ३२ अंश सेल्सियसला वितळतं आणि वितळताना भरपूर उष्णता पोटात घेतं. तेवढ्याच वजनाचं पाणी ६० अंशांनी तापवायला लागेल इतकी. गोठताना तीच उष्णता परत देतं. डोव्हरला वरच्या मजल्यावर दक्षिणेकडे काचा, त्यांच्यामागे पत्रे. तिथं तापलेली हवा पंखे खाली ढकलत आणि खोल्यांमधल्या कप्प्यांत भरलेलं सुमारे २१ टन मीठ ती ऊब धरून ठेवी.

दोन हिवाळे निभावले. पुढे मिठानं दगा दिला. वितळताना त्यातलं पाणी सुटतं, कोरडे कण तळाशी बसतात आणि थंड झाल्यावर दोन्ही पूर्वीसारखे एकजीव होत नाहीत. दर फेऱ्याला साठवण घटत गेली, मिठाचे डबेही गळू लागले. शेवटी घरात तेलाची भट्टी आली. फसलं ते मीठ, ऊन नव्हे. पण ‘सूर्यघर फसलं’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, हे मला अन्यायाचं वाटतं.

१९५३ मध्ये तेल्केश यांचं एमआयटी सुटलं, पण काम सुटलं नाही. फोर्ड फाउंडेशनच्या ४५,००० डॉलर अनुदानातून त्यांनी सौरचूल केली: उष्णतारोधक पेटी, वर काच, भोवती आरशासारखे पंख. आपल्या गच्चीवरच्या सोलर कुकरचं तत्त्व हेच.

स्त्री अभियंत्यांच्या अमेरिकन संघटनेनं आपला पहिला पुरस्कार त्यांनाच दिला, १९५२ साली. तेव्हा डोव्हरचं मीठ तळाशी बसू लागलं होतं.