तोंड कुठे संपतं आणि घसा कुठे सुरू होतो : पार्श्वभूमी

अहवालावर ‘जिभेचा कर्करोग’ एवढंच वाचलं तर निम्मीच माहिती हाती लागते. जीभ पुढची की मागची, हे कळेपर्यंत आजाराची स्टेज ठरत नाही, आणि उपचारांची दिशाही ठरत नाही. पुढची जीभ तोंडात मोडते, मागची घशात. ही वाटणी आज पक्की वाटते. ती पक्की व्हायला फार काळ लागला आणि शेवटची मोठी भांडणं तर गेल्या दहा-पंधरा वर्षांतली आहेत.

आधी हद्द. आरशासमोर ‘आ’ केला की मधोमध पडजीभ लोंबताना दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांना एकामागे एक असे दोन पडदे खाली उतरताना दिसतात. त्यांतला पुढचा पडदा म्हणजे वेस. वर कठीण टाळू संपून मऊ टाळू लागतो ती रेषा, बाजूंना हे पुढचे पडदे आणि खाली जिभेवर उलट्या ‘व्ही’सारखी मांडलेली आठ ते बारा मोठ्या उंचवट्यांची रांग, अशी या वेशीची चौकट आहे. टॉन्सिल दोन पडद्यांच्या बेचक्यात बसतात, म्हणजे ते वेशीच्या आतले, घशाचे. तोंड उघडल्यावर ते सहज दिसतात म्हणून आपण त्यांना तोंडातले समजतो, इतकंच.

भाषा इथे फारशी मदत करत नाही. ‘घसा दुखतो’ म्हणतो तेव्हा बोट टॉन्सिलकडे असतं, ‘घसा बसला’ म्हणतो तेव्हा बिघाड त्याच्या बराच खाली, स्वरयंत्रात असतो, आणि घशाखाली घास उतरत नाही तेव्हा अडथळा अन्ननलिकेतही असू शकतो. गळा आतलाही आणि हार घालायचा तो बाहेरचाही. पडजिभेच्या नावात जीभ असली तरी ती टाळूचं शेपूट आहे. टाळू म्हणावं तर तान्ह्या बाळाच्या डोक्यावर तेल घालतात तीही टाळूच! पाठ्यपुस्तकाने ‘ग्रसनी’ हा शब्द देऊन पाहिला. दवाखान्यात तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

संस्कृतातल्या एका जुन्या शल्यग्रंथात तोंडाचे रोग ६५ मोजले आहेत आणि त्यांना सात ठिकाणी वाटलं आहे : ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सगळ्या तोंडभर होणारे ३. म्हणजे घसा हा तोंडाचाच एक भाग, आणि सगळ्यांत जास्त रोग त्याच्याच वाट्याला. त्यात तुंडिकेरी टाळूच्या यादीत आहे आणि गिलायु कंठाच्या. आज बरेच जण या दोन्हींचा अर्थ टॉन्सिलची सूज असाच लावतात. गंमत पुढे आहे. अधिजिह्वा, म्हणजे जिभेच्या मुळावरची सूज, जिभेच्या पाचांत नाही, कंठाच्या सतरांत आहे. यावरून ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणायची घाई करू नये. पण बोटाने चाचपून आणि रोग्याच्या तक्रारीवरून वर्गवारी करणाऱ्यालाही जिभेचं मूळ जिभेपेक्षा घशाच्या जवळचं वाटलं होतं, एवढी नोंद करायला हरकत नाही.

पुढच्या कित्येक शतकांचं काम एका परिच्छेदात आटोपता येतं. पहिल्या शतकातल्या एका रोमन लेखकाने टॉन्सिल बोटाने सोडवून काढायची पद्धत लिहून ठेवली. खालचा जबडा दोन हाडांचा असतो ही प्राण्यांच्या विच्छेदनावरून आलेली समजूत १५४३ मध्ये मोडली. माणसाच्या मोठ्या वयात ते एकच हाड असतं हे त्या वर्षी छापून आलं. घशाचा खोल भाग मात्र जिवंत माणसात कुणाला धड दिसत नव्हता. १८५४ मध्ये तो दिसला आणि दाखवणारा वैद्य नव्हता, गाणं शिकवणारा होता. दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून त्याने स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. मग १८८४ मध्ये एका जर्मन शरीररचनाकाराने टॉन्सिल, नाकामागचे अ‍ॅडिनॉइड आणि जिभेच्या मुळावरची तशीच गुठळीदार पेशीजाळी हे सगळं मिळून घशाच्या तोंडाशी एक कडं होतं, असं मांडलं. माझ्या मते या विषयातली खरी वळणाची जागा हीच. मागच्या जिभेची सोयरीक पुढच्या जिभेशी कमी आणि टॉन्सिलशी जास्त आहे, हे त्या कड्यात स्पष्ट झालं होतं. त्याचा अर्थ लागायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

गर्भाचा अभ्यास करणारे त्याच सुमारास दुसऱ्या वाटेने तिथेच पोचत होते. जीभ एका तुकड्यातून घडत नाही. गर्भाच्या घशाशी एकाखाली एक कमानीसारखे उंचवटे येतात; जिभेचे पुढचे दोन तृतीयांश त्यांतल्या पहिल्या कमानीतून येतात, मागचा एक तृतीयांश मुख्यतः तिसऱ्या कमानीतून. मधल्या दुसऱ्या कमानीवर तिसरी चढून बसते आणि दुसरी दबून जाते. म्हणून पुढच्या भागाचा स्पर्श एका नसेकडे, चव दुसऱ्या नसेकडे, आणि मागच्या भागाचा स्पर्श व चव दोन्ही तिसऱ्याच नसेकडे. सांध्याची खूण म्हणून एक उथळ चर उरतो. इथवर सगळं सरळ आहे. पण ते आठ-बारा उंचवटे या चराच्या पुढे असतात आणि त्यांची चव मात्र मागच्या भागाची नस वाहून नेते. म्हणजे चर धरावा तर उंचवटे तोंडातले, नस धरावी तर ते घशातले. वर्गीकरण करणाऱ्यांनी शेवटी उंचवट्यांची रांगच हद्द मानली, कारण ती डोळ्यांना दिसते आणि नस दिसत नाही.

शल्यचिकित्सकांची हद्द अर्थात हाताच्या लांबीने ठरायची. पुढच्या जिभेवरची गाठ उघड्या तोंडातून कापून काढता येते. मागच्या जिभेपर्यंत पोचायला बरेचदा खालचा जबडा मधोमध चिरून बाजूला करावा लागे, आणि ते टाळण्यासाठी किरणोपचार पुढे आले. म्हणजे दोन्हीकडे पेशी त्याच, खवल्यांसारख्या चपट्या, गाठीचं नावही एकच, पण वेशीच्या अलीकडे सुरी आणि पलीकडे किरण, अशी उपचारांची सवय पडली. तोंडावाटे यांत्रिक हात घालून करायच्या शस्त्रक्रियेला अमेरिकेत २००९ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा ही सवय थोडी सैल झाली.

कागदावरची हद्द तिसरीच. रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या नवव्या आवृत्तीत सगळी जीभ एकाच क्रमांकाखाली होती, मूळसुद्धा. १९९० मध्ये स्वीकारलेल्या दहाव्या आवृत्तीने जिभेच्या मुळाला सी०१ हा स्वतंत्र क्रमांक दिला आणि बाकीच्या जिभेला सी०२. बरोबर केलं. पण जिभेवरचा टॉन्सिल, जो मुळावरच असतो, तो सी०२ मध्येच राहून गेला, सी०२.४ म्हणून. मऊ टाळू आणि पडजीभ टाळूच्या क्रमांकाखाली, म्हणजे तोंडाच्या बाजूला. स्टेज ठरवणारी दुसरी पद्धत मात्र त्यांना घशात मोजते. एकाच गाठीला दोन टेबलांवर दोन पत्ते. नोंदणीची आकडेवारी चाळताना हे ध्यानात ठेवलं नाही तर चुकीचे निष्कर्ष निघतात, आणि निघालेही.

एका विषाणूने हे सगळं ऐरणीवर आणलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असलेला एचपीव्ही या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार घशाच्या गाठींमध्येही सापडू लागला. २००७ पर्यंत त्याच्याविरुद्धचा पुरावा कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात पुरेसा ठरला. हा विषाणू वेशीच्या आत, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळात घर करतो. तिथल्या पेशीजाळीत खोल भेगा असतात आणि भेगांचं अस्तर मुळातच सच्छिद्र असतं. पुढच्या जिभेवर अशी भेगाळ जागा नाही, तिथला मुख्य आरोपी तंबाखूच. तरी कित्येक वर्षं ‘तोंडाचा कर्करोग आणि विषाणू’ असे मथळे येत राहिले, कारण जुन्या अभ्यासांत जिभेची मुळं तोंडाच्या खात्यात मोजलेली होती. तोंडाच्या गाठींत विषाणूचं प्रमाण प्रत्येक अभ्यासात इतकं वेगळं का येतं, याचं एक मोठं कारण हा पत्त्याचा घोळ होता.

२०१० मध्ये एका मोठ्या चाचणीच्या फेरतपासणीत दिसलं की घशाच्या गाठीत विषाणू असेल तर तीन वर्षांनी जिवंत असणारे ८२ टक्के, नसेल तर ५७ टक्के. एवढ्या फरकानंतर दोन्ही आजार एकाच तक्त्यात ठेवणं अवघड होतं. आणि इथून तो निर्णय येतो, ज्याच्यावर अजून एकमत नाही.

स्टेज ठरवायच्या जुन्या तक्त्यात, आजार मानेत पसरून एका बाजूला दोन लहान गाठी आढळल्या की रुग्ण थेट स्टेज चारमध्ये. विषाणूमुळे होणाऱ्या आजारात मानेत गाठी लवकर येतात, त्यामुळे बहुतेक रुग्ण चौथ्यातच कोंबले जात आणि त्यांतले बहुतेक बरेही होत. जो तक्ता सगळ्यांना एकाच डब्यात बसवतो तो सांगतो काय? युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या सात केंद्रांनी मिळून १९०७ रुग्णांची माहिती तपासली आणि नवी मांडणी सुचवली. तिच्यात स्टेज एक, दोन आणि तीन यांचं पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण ८५, ७८ आणि ५३ टक्के असं उतरत गेलं. ही मांडणी स्टेज ठरवायच्या तक्त्याच्या आठव्या आवृत्तीत आली. आवृत्ती २०१६ च्या अखेरीस छापली गेली आणि अमेरिकेत १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. या आवृत्तीत, विषाणूच्या खुणेची गाठ असेल आणि घशातली मूळ गाठ फार मोठी नसेल, तर मानेत त्याच दोन गाठी असलेला रुग्ण स्टेज एकमध्ये बसतो. चौथी स्टेज फक्त दूरच्या अवयवांत पसरलेल्यांसाठी राखली गेली. वेशीच्या अलीकडे, पुढच्या जिभेवर गाठ असून मानेत तशाच दोन गाठी असतील, तर मात्र आजही चौथीच.

त्याच आवृत्तीत तोंडाच्या बाजूला उलटं घडलं. गाठीची रुंदीच नाही, ती किती खोल रुजली आहे हेही मोजायचं ठरलं : ५ आणि १० मिलिमीटर या दोन मर्यादा. दोन सेंटिमीटरच्या आतली पण ७ मिलिमीटर खोल गेलेली गाठ आधी आकाराच्या पहिल्या पायरीवर होती, ती दुसरीवर गेली. त्यातही खोली आणि जाडी यांत गोंधळ होतोच. खोली शेजारच्या निरोगी अस्तराच्या पातळीपासून मोजायची असते. गाठीच्या माथ्यापासून मोजली की ती जाडी झाली.

घशाच्या बाजूचा आक्षेप गंभीर आहे आणि तो मला पटतो. स्टेज एकमधले ८५ टक्के जगले ते पूर्ण मात्रेचे किरण आणि औषधं घेऊन, म्हणजे चौथ्या स्टेजचे म्हणून उपचार घेऊन. आकडा आजाराचा जितका, तितकाच त्या उपचारांचा. नावात ‘एक’ आला की उपचार कमी करायचा मोह होणारच. तक्ता करणाऱ्यांनी तो उपचार बदलण्यासाठी नाही असं बजावलं होतं, पण रुग्णाच्या घरच्यांना तळटीप कोण वाचून दाखवतो? मोह खरा होता हे लवकरच दिसलं. नेहमीच्या जहाल औषधाऐवजी सौम्य मानलेलं औषध देऊन पाहणाऱ्या दोन चाचण्यांचे निकाल २०१८ मध्ये जाहीर झाले. एकीत दोन वर्षांनी जगणारे जुन्या औषधावर ९७.५ टक्के, नव्यावर ८९.४. दुसरीतही नवं औषध मागेच पडलं. चाचण्या अर्थात नव्या तक्त्याच्या आधीच सुरू झाल्या होत्या, तक्त्यावर त्यांचा दोष टाकता येत नाही. पण हवा कुठल्या दिशेची होती ते कळतं.

दुसरा आक्षेप खुणेवर. तक्ता प्रत्यक्ष विषाणू शोधत नाही, पी१६ नावाच्या प्रथिनाचा रंग बघतो; निदान ७० टक्के पेशी ठळक रंगल्या की गाठ विषाणूची धरायची. रंग स्वस्त आहे आणि बहुतेक प्रयोगशाळांत होतो म्हणून तो निवडला. २०२३ मध्ये साडेसात हजारांवर रुग्णांच्या एकत्रित माहितीत शंभरातल्या सुमारे नऊ जणांचा रंग आणि विषाणू जुळत नव्हते. रंग आहे पण विषाणू नाही, अशांपैकी पाच वर्षांनी जगणारे जेमतेम ५५ टक्के, आणि तक्ता त्यांना सौम्य खात्यात बसवतो. ही फसगत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळात कमी, मऊ टाळू आणि घशाच्या इतर भिंतींवर बरीच जास्त. म्हणजे घशाच्या आतही आणखी एक वेस आहे, आणि ती १८८४ च्या कड्याच्या काठाकाठाने जाते.

तिसरी अडचण हिशेबाची. आठव्या आवृत्तीत शस्त्रक्रियेआधीचा तक्ता मानेतल्या गाठी कुठल्या बाजूला आणि किती मोठ्या ते विचारतो, शस्त्रक्रियेनंतरचा फक्त किती ते मोजतो. चारपर्यंत एक घर, पाचपासून दुसरं. एकाच माणसाची स्टेज ऑपरेशनच्या अलीकडे-पलीकडे बदलू शकते आणि दोन्ही बरोबर असतात.

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय ट्यूमर-वर्गीकरणात तोंड आणि घसा यांची प्रकरणंही वेगळी झाली. तोंडाच्या प्रकरणाच्या नावात ‘हलणारी जीभ’ असं मुद्दाम आलं. जुने अहवाल मात्र आहेत तसेच आहेत. ज्यांत नुसतं ‘जीभ’ लिहिलं होतं त्यांना नोंदणीत सी०२.९ मिळाला, म्हणजे जीभ, जागा अनिर्दिष्ट. जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना करायला बसणाऱ्याला पहिल्यांदा या खात्यातल्या माणसांचं काय करायचं ते ठरवावं लागतं, आणि प्रत्येक जण ते वेगळं ठरवतो.