आधी मोजमाप, मग मोबदला : रुग्णालयांच्या ‘पॅकेज’ दरांमागील इतिहास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्ण दाखल झाला, की रुग्णालयाला खाटेचे दिवस किंवा तपासण्या मोजून नव्हे, तर त्या उपचारासाठी आधीच ठरलेल्या पॅकेजच्या दराने पैसे मिळतात. रक्कम अशी आगाऊ ठरवण्याच्या विचाराला सर्वांत पद्धतशीर रूप अमेरिकेत मिळाले, आणि ज्या संशोधनातून ते मिळाले त्याचा मूळ हेतू दर ठरवण्याचा नव्हताच.

आजार कधी येईल हे रुग्णाला ठाऊक नसते आणि उपचाराची पारख डॉक्टरइतकी त्याला करता येत नाही, त्यामुळे आरोग्यसेवेला सामान्य बाजाराचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये केली. दोनच वर्षांनी अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली. रुग्णालयांचा पाठिंबा मिळावा म्हणून तिने त्यांना झालेला ‘वाजवी खर्च’ आणि सुरुवातीला त्यावर २ टक्के अधिक देण्याचे मान्य केले. जो जास्त खर्च करील त्याला जास्त पैसे, असाच याचा व्यवहारातला अर्थ होता. अर्थशास्त्रज्ञ एमी फिंकेलस्टाइन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मेडिकेअरमुळे पहिल्या पाच वर्षांत रुग्णालयांवरील खर्च सुमारे ३७ टक्क्यांनी वाढला.

मेडिकेअरच्या अटींनुसार दाखल रुग्णांच्या उपचारांचा आढावा घेणे रुग्णालयांना बंधनकारक होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस येल विद्यापीठात हे काम रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांच्याकडे आले. फेटर औद्योगिक व्यवस्थापनाचे अभ्यासक होते, तर थॉम्पसन मूळचे परिचारक आणि पुढे रुग्णालय प्रशासनाचे प्राध्यापक. कारखान्याला आपण काय तयार करतो हे माहीत असते, मग रुग्णालयाचे उत्पादन कोणते, असा प्रश्न त्यांनी विचारला. रोगनिदान, शस्त्रक्रिया, वय आणि गुंतागुंत पाहून, साधारण सारखाच मुक्काम आणि सारखीच साधने लागणाऱ्या रुग्णांचे त्यांनी गट पाडले. हेच डायग्नोसिस रिलेटेड ग्रुप्स, म्हणजे डीआरजी. एकाच गटातल्या दोन रुग्णांपैकी एकाचा मुक्काम फार लांबला, तर त्याचे कारण डॉक्टरांनी तपासावे, एवढाच सुरुवातीचा उद्देश होता. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे, कारण तोवर दोन रुग्णालयांची न्याय्य तुलना करण्याचे साधनच हाती नव्हते.

न्यू जर्सी राज्याने १९८० मध्ये याच गटांवरून दर ठरवायला सुरुवात केली आणि १ ऑक्टोबर १९८३ पासून मेडिकेअरने तीच पद्धत देशभर आणली. मुक्काम लगेच कमी झाले. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण वाढले नव्हते, परंतु प्रकृती पुरेशी स्थिर नसताना घरी पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांचे प्रमाण मात्र वाढले होते. पुढे अर्थशास्त्रज्ञ लीमोर डॅफ्नी यांनी २००५ मध्ये दाखवले, की काही गटांचे दर वाढल्यावर रुग्णालयांनी उपचारांत फारसा बदल केला नाही, तर कागदोपत्री अधिक रुग्ण महागड्या गटात दाखवले. मोजण्यासाठी बनवलेल्या नोंदींवर पैसे अवलंबून राहिले, तेव्हा त्या नोंदीच बदलू लागल्या.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत योजना सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९७१ उपचार होते. २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि २०१८ पासून केंद्राची आयुष्मान भारत योजनाही पॅकेज पद्धतीनेच चालते. मात्र ही पॅकेजे उपचारांची यादी समोर ठेवून बांधलेली आहेत. येलमध्ये झाले तसे रुग्णांच्या नोंदींतून काढलेले गट त्यांच्या मुळाशी नाहीत. प्रत्यक्ष खर्च किती येतो याचा व्यापक अभ्यास चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झाला तो योजना सुरू झाल्यानंतर, आणि त्यातील आकडे पुढे दरांच्या फेरविचारात वापरले गेले. म्हणजे अमेरिकेत मोजमाप आधी आणि दर नंतर आले, आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. दर परवडत नाहीत ही रुग्णालयांची तक्रार आणि वरचे पैसे मागितले जातात ही रुग्णांची तक्रार, या दोन्हींची तड लावायची तर प्रत्येक दाखल रुग्णाचे निदान, मुक्काम आणि खर्च यांच्या विश्वासार्ह नोंदी हव्यात.