मराठी संकेतस्थळांचे एसईओ

शोधयंत्राला संकेतस्थळाची पाने सापडावीत, वाचता यावीत आणि नेमक्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचकापुढे मांडता यावीत, यासाठी मजकुरात, रचनेत व तांत्रिक मांडणीत केलेले काम म्हणजे एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन). पैसे भरून मिळणाऱ्या जाहिराती यात मोडत नाहीत. इंग्रजी संकेतस्थळांसाठी हा विषय मुख्यतः स्पर्धेचा आहे. मराठीत मात्र पान शोधात न दिसण्याचे कारण बरेचदा स्पर्धेच्या आधीच सापडते : मजकूर यंत्राला वाचता आलेला नसतो, किंवा लोक टंकतात तो शब्दच पानावर नसतो. म्हणून या नोंदीत लिपी, शब्दरूपे आणि पत्ते यांना क्रमवारीच्या युक्त्यांपेक्षा जास्त जागा दिली आहे.

पान शोधात कसे येते

पहिल्या टप्प्यात क्रॉलर हा प्रोग्राम दुव्यांवरून किंवा साइटमॅपवरून (संकेतस्थळाने दिलेल्या पत्त्यांच्या यादीवरून) पानापर्यंत पोहोचतो आणि ते उतरवून घेतो. दुसऱ्या टप्प्यात पानाचा मजकूर, भाषा, शीर्षक, दुवे तपासून ते इंडेक्समध्ये, म्हणजे शोधयंत्राच्या सूचीत, ठेवायचे की नाही हे ठरते. तिसऱ्या टप्प्यात वाचकाच्या प्रश्नानुसार इंडेक्समधल्या पानांची क्रमवारी लागते. तक्रार कोणत्या टप्प्याची आहे हे आधी ओळखावे लागते. संकेतस्थळाच्या मालकाला शोधातली स्थिती दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ असे दिसले तर क्रॉलरला पत्ता कळला आहे, पण त्याने पान अजून उघडलेले नाही. ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ असेल तर पान वाचूनही इंडेक्समध्ये घेतलेले नाही. पहिल्या प्रकारात सर्व्हरचा वेग आणि अंतर्गत दुवे पाहावेत. दुसऱ्यात मजकूर फार तोकडा आहे का, किंवा तोच मजकूर दुसऱ्या पत्त्यावर आहे का, हे तपासावे.

क्रॉलरला कुठे जाऊ नये हे सांगणारी रोबॉट्स फाइल १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवली. तिला औपचारिक इंटरनेट मानकाचे रूप २०२२ मध्ये मिळाले. तिच्याबाबत एक चूक सतत होते. पान शोधातून काढायचे म्हणून त्यावर ‘नोइंडेक्स’ (इंडेक्समध्ये घेऊ नका अशी पानाच्या कोडमधली सूचना) लावतात आणि त्याच वेळी रोबॉट्स फाइलमध्ये त्याची वाटही अडवतात. वाट अडवल्यामुळे क्रॉलर पान उघडत नाही, नोइंडेक्स त्याच्या नजरेला पडत नाही, आणि बाहेरून दुवे असतील तर नुसता पत्ता शोधात रेंगाळत राहतो. पान काढायचे असेल तर वाट मोकळी ठेवून नोइंडेक्स लावावा. वर्डप्रेस या संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीत ‘सेटिंग्ज’खालच्या ‘रीडिंग’ पानावर शोधयंत्रांना परावृत्त करणारा एक चौकोन असतो. संकेतस्थळ बांधताना त्यावर खूण केलेली असते; प्रकाशनाच्या दिवशी ती काढायची राहिली तर सगळ्या संकेतस्थळावर नोइंडेक्स लागून राहतो. नवे संकेतस्थळ ‘दिसतच नाही’ अशी तक्रार आली की सर्वप्रथम हा चौकोन पाहावा.

साइटमॅपच्या एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि न आकुंचवता ५० एमबी एवढी मर्यादा आहे. बहुतेक मराठी संकेतस्थळे तिच्या जवळपासही जात नाहीत. त्यात फक्त चालू, मूळ पत्ते असावेत. रीडायरेक्ट होणारे (दुसऱ्या पत्त्यावर वळवणारे), ४०४ (पान सापडले नाही) असा संकेत देणारे किंवा नोइंडेक्स असलेले नसावेत.

लिपी आणि एन्कोडिंग

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेतांक देणारे युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत टाइप होत असे. त्यांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेतांक साठलेले असतात. शोधयंत्राला अशा पानावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. दिवाळी अंकांचा, स्थानिक वृत्तपत्रांचा, संस्थांच्या अहवालांचा फार मोठा साठा आजही या स्थितीत आहे, आणि तो युनिकोडमध्ये आणणे हे त्या संस्थेसाठी एसईओचे सर्वांत फलदायी काम ठरते. रूपांतर झाल्यावर रफाराची जागा, पहिली वेलांटी, जोडाक्षरे आणि अंक हाताने तपासावेत; रूपांतरक याच ठिकाणी चुकतात. पीडीएफमध्ये आणखी एक अडचण असते : युनिकोड फाँटातून केलेल्या पीडीएफमधूनही मजकूर उचलताना वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटू शकतात. पडताळणी सोपी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे तो बिघडला तर तोच मजकूर वेबपानावरही द्यावा. चित्रात लिहिलेल्या मजकुराबाबतही हेच. कार्यक्रमपत्रिका, दरपत्रक, पाककृती यांचे नुसते चित्र टाकले तर शोधासाठी त्या पानावर जवळजवळ काहीच उरत नाही.

युनिकोडमध्येही एकच शब्द दोन प्रकारे साठू शकतो. ‘ॲप’ मधले पहिले अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र चिन्ह म्हणून आले. त्याआधीचे आणि आजचेही कित्येक कीबोर्ड ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र मिळून ‘अ‍ॅप’ लिहितात. ‘शेतकऱ्यां’मधला ‘ऱ्य’ही दोन रीतींनी उमटतो. मोठी शोधयंत्रे ही रूपे बऱ्याचदा जुळवून घेतात. संकेतस्थळाच्या आतल्या शोधात, टॅगांत (लेखाला लावलेल्या विषयखुणांत) आणि पत्त्यांत मात्र ती वेगवेगळी ठरू शकतात, आणि मग एकाच विषयाची दोन टॅगपाने तयार होऊन दोन्ही अर्धवट भरलेली राहतात. संपादकांनी सर्वांसाठी एकच कीबोर्ड मांडणी ठरवावी.

पानाची भाषा गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ओळखते. कोडमध्ये लिहिलेला भाषासंकेत त्यासाठी वापरत नाही. तरी तो मराठी असा लिहिलेला असावा, कारण पडदावाचक सॉफ्टवेअर त्यावरूनच उच्चार निवडते, आणि चांगल्या फाँटांत ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे त्यामुळेच दिसतात. चार ओळी मराठी आणि मेनू, तळपट्टी, जाहिराती इंग्रजी-हिंदी असे पान असले की भाषेचा अंदाज चुकण्याचा धोका वाढतो.

मराठी आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या असतील तर प्रत्येक पानावर एचरेफलँग दुवे (तेच पान कोणत्या भाषेत कुठे आहे हे शोधयंत्राला सांगणारे कोडमधले दुवे) द्यावेत : दुसऱ्या आवृत्तीचा, आणि स्वतःचाही. एका बाजूने दुवा आहे पण उलट दुवा नाही, असे झाल्यास ते दुवे धरले जात नाहीत. गोव्यातील संस्थांना इथे अडचण येते. गूगल या दुव्यांत दोन अक्षरी भाषासंकेत मागते आणि कोंकणीला तो नाही. अशा वेळी मराठी व इंग्रजी पानांना संकेत द्यावेत आणि कोंकणी पान स्वतंत्र पत्त्यावर, साध्या दुव्याने जोडून ठेवावे.

पत्ते

देवनागरी पत्ते चालतात, त्यांनी क्रमवारी घसरत नाही. पण युनिकोडच्या प्रचलित साठवणीत प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेते आणि पत्त्यात ते ९ अक्षरांचे होते. काना, मात्रा, हलन्त यांची प्रत्येकी वेगळी गणती होते, त्यामुळे ‘महाराष्ट्र’ या शब्दात १० चिन्हे आहेत आणि पत्त्यात तो ९० अक्षरे व्यापतो. व्हॉट्सॲपवर असा पत्ता चिकटवला की बरेचदा टक्केचिन्हांची लांबलचक ओळ दिसते आणि लोक ती संशयाने सोडून देतात. वर्डप्रेसमध्ये स्लगची (पत्त्यातल्या लेखाच्या नावाच्या भागाची) मर्यादा २०० अक्षरांची आहे, म्हणजे जेमतेम २२ देवनागरी चिन्हे. ‘शेतकऱ्यांसाठी पीकविमा योजना’ या शीर्षकाचा आपोआप बनलेला स्लग ‘यो’वर येऊन तुटतो. पान त्यानेही उघडते; पण सारख्या सुरुवातीच्या दोन लेखांचे स्लग एकच होऊ पाहतात आणि दुसऱ्याच्या शेवटी आकडा जोडला जातो. म्हणून स्लग हाताने, रोमन लिपीत, ३ ते ५ शब्दांचा लिहावा. एकदा प्रसिद्ध झालेला पत्ता बदलू नये. बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्यावर ३०१ प्रकारचा कायमचा रीडायरेक्ट ठेवावा, तोही प्रत्येक पानाचा स्वतंत्र. सगळी जुनी पाने मुखपृष्ठावर वळवली तर जुन्या दुव्यांचे मोल बहुतेक वाया जाते. देवनागरीतले ‘.भारत’ डोमेन ऑगस्ट २०१४ पासून मिळते. नाव म्हणून ते देखणे आहे, पण ई-मेलच्या कित्येक यंत्रणा ते अजून नीट स्वीकारत नाहीत, त्यामुळे सोबत रोमन लिपीतले डोमेनही घ्यावे लागते.

लोक काय टंकतात

जमिनीचा उतारा शोधणारा माणूस ‘सातबारा’, ‘सात बारा उतारा’, ‘७/१२’ यांपैकी काहीही लिहितो, इंग्रजी अंकांत लिहितो, किंवा सगळे मराठी वाक्य रोमन लिपीत टंकतो. ‘अधिकार अभिलेख’ हा नेमका महसुली शब्द फार थोड्यांच्या बोटांवर असतो. शीर्षकात ‘सातबारा (७/१२) उतारा’ असे लिहिले आणि पहिल्या परिच्छेदात औपचारिक नाव दिले की दोन्ही प्रकारच्या वाचकांची सोय होते. रोमन लिपीतल्या शोधांसाठी मजकुरात रोमन शब्द कोंबू नयेत. स्लगमध्ये ते सहज येतात.

मराठी नामे प्रत्यय लागताना बदलतात : पुणे–पुण्यात, कोल्हापूर–कोल्हापुरात, शेतकरी–शेतकऱ्यांना. यंत्र दर वेळी ही रूपे मूळ शब्दाला जोडेलच असे धरू नये. ‘कोल्हापुरातील तांबडा रस्सा’ असे शीर्षक असेल तर ‘कोल्हापूर’ हे मूळ रूप उपशीर्षकात किंवा पहिल्या दोन वाक्यांत एकदा यावे. एवढे पुरते. तोच शब्द ओळीओळीला आणणे ही शब्दांची भरताड झाली, आणि ती वाचकालाही खुपते. कीवर्ड्‌स नावाचा मेटा टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दयादी) गूगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. तो भरण्यात घालवलेला वेळ वाया जातो.

शब्द शोधण्याची उत्तम जागा म्हणजे सर्च कन्सोलमधला परफॉर्मन्स अहवाल. त्यात १६ महिन्यांपर्यंतचे प्रश्न, किती वेळा पान दिसले, किती क्लिक मिळाल्या आणि सरासरी स्थान दिसते. पान पुष्कळदा दिसते पण क्लिक होत नाही, असे प्रश्न वेगळे काढावेत आणि त्या पानांची शीर्षके सुधारावीत. शीर्षक किती अक्षरांनंतर तुटते हे रुंदीवर ठरते, म्हणून महत्त्वाचे शब्द आरंभी ठेवावेत आणि संकेतस्थळाचे नाव शेवटी. हंगामी विषयांत वेळ सांभाळावी लागते. एखादा बदल शोधात उमटायला काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत काळ लागू शकतो, म्हणून हापूसच्या विक्रीचे पान मार्चमध्ये आंबा बाजारात आल्यावर लिहून उशीर होतो. ते वर्षभर एकाच पत्त्यावर असावे आणि दर हंगामात भाव, पेटीचा आकार, पाठवणीची ठिकाणे तिथेच बदलावीत. दर वर्षी नवे पान काढले तर स्वतःचीच पाने एकमेकांशी झुंजतात.

वेग

गूगलचे तीन निकष आहेत : पानातला सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा (हा निकष मार्च २०२४ मध्ये आला), आणि मजकूर जागेवरून सरकण्याचा अंक ०.१ च्या आत असावा. दर चार भेटींपैकी तीन भेटींत हे साधले पाहिजे. देवनागरी फाँट जोडाक्षरांमुळे जड असतो. त्याची चार वजने (साधे, ठळक अशा जाडी) एकदम लावली की स्वस्त मोबाइलवर पान अडखळते. दोन वजने, डब्ल्यूओएफएफ२ हे वेबसाठी आकुंचवलेले फाँटस्वरूप, आणि फाँट येईपर्यंत मोबाइलमधल्या फाँटात मजकूर दाखवण्याची सोय एवढे करावे. फाँट बदलताना ओळी सरकू नयेत म्हणून पर्यायी फाँट जवळपास त्याच उंचीचा निवडावा. चित्रांना कोडमध्ये लांबी-रुंदी लिहावी. असे असले तरी वेगाने कमकुवत मजकूर तरत नाही.

दुवे आणि शिक्षा

गूगलची सुरुवात १९९८ मध्ये झाली ती पेजरँकच्या आधारे : कोणत्या पानाकडे कोण दुवा देते, यावरून त्याचे वजन ठरवणे. त्यातून दुव्यांचा बाजार उभा राहिला. त्याला आळा घालणारा, गूगलच्या क्रमवारीतला पेंग्विन हा बदल एप्रिल २०१२ मध्ये आला. पोकळ मजकुराला लगाम लावणारा पांडा त्याआधी फेब्रुवारी २०११ मध्ये आला होता. मार्च २०२४ च्या धोरणांनुसार घाऊक प्रमाणात तयार केलेला, वाचकाला काही न देणारा मजकूर हा स्पॅम ठरतो, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. इंग्रजी लेख यंत्राने मराठीत उलटवून शेकडोंनी टाकणारी संकेतस्थळे थेट याच कलमात सापडतात.

‘महिन्याभरात पहिला क्रमांक’ अशी हमी देणाऱ्याला काम देऊ नये. शोधयंत्राबाहेरच्या कोणालाही तशी हमी देता येत नाही. मराठीत खरे दुवे मिळवण्याची वाट लांबची पण टिकाऊ आहे. गावाची संस्था, महाविद्यालय, ग्रंथालय, तालुक्याचे वृत्तपत्र यांना संदर्भ द्यावासा वाटेल असे काही आपल्याकडे असले पाहिजे : घाटातल्या वाटांची नीट टिपणे, जुन्या अंकांची सूची, पिकाच्या वाणांचा तक्ता.

स्थानिक शोध

दुकान, दवाखाना, होमस्टे यांच्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या शोधात व नकाशावर दिसणारी व्यवसायाची माहिती) संकेतस्थळापेक्षाही आधी भरावे. इथली क्रमवारी प्रश्नाशी असलेला संबंध, अंतर आणि ठळकपणा यांवर लागते. पाटीवर जे नाव आहे तेच लिहावे. नावाला ‘दापोली बीच बेस्ट होमस्टे’ असे शेपूट जोडणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रोफाइल स्थगित होऊ शकते. फोन, पत्ता आणि वेळा सगळीकडे एकसारख्या असाव्यात. कोकणात पावसाळ्यात बंद असणाऱ्यांनी तसे तात्पुरते बंद दाखवावे, नाहीतर बंद दारापर्यंत आलेला पाहुणा वाईट अभिप्राय लिहून जातो.

यंत्राने दिलेली उत्तरे

२०२४ पासून भारतात गूगल काही प्रश्नांची उत्तरे स्वतःच रचून वर दाखवते, त्यामुळे पान उद्‌धृत होऊनही वाचक येईलच असे नाही. आपला मजकूर गूगलच्या एआय मॉडेलांच्या प्रशिक्षणाला नाकारणारा ‘गूगल-एक्स्टेंडेड’ हा रोबॉट्स फाइलमधला संकेत या उत्तरांना लागू होत नाही. ती थांबवायची तर पानाचा उतारा दाखवू नका असे सांगणारा ‘नोस्निपेट’ लावावा लागतो, आणि मग नेहमीच्या निकालाखालचा उताराही नाहीसा होतो. लहान संकेतस्थळाने सगळ्या पानांवर तो लावणे नुकसानीचे आहे. जो तक्ता किंवा यादी वाचकाने पानावर येऊनच पाहावी असे वाटते, तेवढ्याच भागाला ‘डेटा-नोस्निपेट’ हा गुणधर्म द्यावा.