पेरिम बेटावरची वस्ती

पेरिम (अरबीत मय्यून) हे बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतलं, तांबड्या समुद्राच्या अगदी तोंडावरचं बेट. एकूण १३ चौरस किलोमीटर, सगळा ज्वालामुखीचा खडक, सगळ्यात उंच जागा ६५ मीटर, नैऋत्येला चांगलं खोल बंदर आणि गोड्या पाण्याच्या नावानं मात्र बोंब. त्यामुळे इथे पिढीजात राहणारं म्हणावं असं फारसं कुणी नव्हतंच, कोळी यायचे जायचे तेवढंच. १७९९ साली, नेपोलियन इजिप्तमध्ये उतरल्यावर, ईस्ट इंडिया कंपनीनं मुंबईहून सैन्य पाठवून बेट ताब्यात घेतलं पण पाण्याअभावी थोड्याच दिवसात गाशा गुंडाळला. मग १८५७ च्या सुरुवातीला इंग्रज परत आले ते थेट १९६७ पर्यंत. (इंग्रजांनी फ्रेंच अधिकाऱ्यांना एडनला, म्हणजे येमेनच्या किनाऱ्यावरच्या आपल्या बंदरात, जेवायला बोलावलं, त्यांच्या बोलण्यातून पेरिम घ्यायचा बेत कळला आणि रातोरात जहाज पाठवून बेट गाठलं, हा किस्सा फार सांगतात. मजेदार आहे, खरा असेलच असं नाही.)

सुरुवातीची वस्ती म्हणजे एडनहून आलेली शिपायांची लहानशी तुकडी आणि १८६१ ला दीपगृह झाल्यावर ते सांभाळणारे लोक, बस्स. खरी गर्दी झाली १८८३ नंतर, पेरिम कोल कंपनी आली तेव्हा. सुएझ कालवा १८६९ लाच सुरू झाला होता, आगबोटींना वाटेत कोळसा लागायचा, आणि पेरिम पडतं ऐन रस्त्यात, म्हणजे एडनला वळायची गरजच नाही. एडनचे कोळसेवाले यावर भडकले नसते तरच नवल.

वस्तीची उतरंड सरळ होती. वर मूठभर गोरे, म्हणजे कंपनीचे साहेब, इंजिनियर आणि तारवाले. मधे हिंदी शिपाई, कारकून. आणि खाली, संख्येनं सगळ्यात जास्त, अरब आणि सोमाली मजूर, बहुतेक बाप्येच, बायकापोरं मागे मुलखात. कोळसा यायचा वेल्सहून, तो किनाऱ्यावर ढीग मारून ठेवायचा आणि बोट आली की पडावात भरून तिच्या कुशीला न्यायचा, मग फळ्यांवरून टोपल्या घेऊन माणसांची रांग वर चढायची, रिकामी टोपली खाली, भरलेली वर, रात्र असली तरी दिवे लावून चालूच. बोटीवरचे प्रवासी खिडक्या घट्ट लावून बसायचे तरी काळी पूड आत शिरायचीच. प्यायचं पाणीसुद्धा कोळशावरच, कारण समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करून ते करावं लागायचं!

आपल्याला हे बेट वाटतं तितकं परकं नाहीये. १८३९ पासून एडन मुंबई इलाख्याखाली होतं, १९३२ पर्यंत, आणि पेरिम एडनखाली, त्यामुळे चलन रुपया, टपाल तिकिटं हिंदुस्थानची आणि सोमाली हमालाची शिरगणती मुंबई इलाख्याच्या खात्यात. ज्या १८८३ साली कोळशाची कंपनी इथे उभी राहिली त्याच साली वासुदेव बळवंत फडके एडनच्या कैदेत वारले, पेरिमपासून शंभरेक मैलांवर.

मधल्या काळात किरकोळ घडामोडी झाल्या. १८९८ ला पी अँड ओ कंपनीची ‘चायना’ ही प्रवासी बोट इथल्या खडकावर चढली. १९१५ च्या जूनमध्ये समोरच्या किनाऱ्यावरच्या शेख सईद या ठिकाणाहून तुर्कांनी हल्ला केला, तो २३ व्या शीख पायोनियर्स या हिंदी पलटणीनं परतवला.

पुढे बोटी तेलावर चालायला लागल्या, त्यात मंदी आली, आणि १९३६ मध्ये कंपनीनं धंदा बंद केला. शेती नाही, पाणी नाही, दुसरं काही कामच नाही, मग लोक राहणार कशावर? मजूर आले तसे निघून गेले. मागे राहिली ती मासेमारीवर जगणारी छोटी वाडी. १९६७ ला इंग्रज निघताना बेट आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली द्यायचा विचार झाला होता पण ते दक्षिण येमेनकडेच गेलं. २०१५ च्या युद्धात आधी येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी आणि मग सौदीच्या आघाडीनं ते घेतलं, आणि २०२१ मध्ये उपग्रहाच्या फोटोंत इथे नवी धावपट्टी बांधली जाताना दिसली, जवळजवळ १.८५ किलोमीटरची.