लंडन आपल्या दिशेने येतं, तरी उशीर का?

लेकीकडून लंडनहून परतलेली मावशी माझ्यावरच उखडली. "अरे, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? म्हणजे लंडन आपल्याच दिशेने येत असणार. मग जाताना तासभर जास्त कसा लागला?"

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. परतीचं विमान खरंच साधारण तासभर लवकर पोचतं. (दोन्हीकडच्या घड्याळांतला साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचार तासांचा, फरक आधी काढून टाकायचा. नाहीतर भलतीच उत्तरं येतात.)

मावशी एक विसरली. पृथ्वी हवेलाही सोबत घेऊन फिरते. धावत्या एसटीत वर उडवलेलं नाणं आपल्याच हातात पडतं, मागच्या सीटवर नाही. 'विमानं बघा, पृथ्वी फिरतच नाही' असं सांगणारे व्हिडिओ करणाऱ्यांना एकदा एसटीत बसवायला हवं.

तरीही या तासाभराच्या मुळाशी पृथ्वीचं फिरणं आहेच, फक्त आडवळणाने. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते, ३० अंश अक्षांशावरची १,४४६ ने. विषुववृत्तापाशी तापलेली हवा वर चढते आणि उंचावरून ध्रुवाकडे सरकते. सरकता सरकता ती पृथ्वीच्या आसाजवळ येते. फुगडी घालताना हात आखडून जवळ आलं की गिरकी वाढते, तसंच इथे होतं. कोनीय संवेग (गिरकीचा जोर; वस्तुमान, वेग आणि आसापासूनचं अंतर यांचा गुणाकार) कायम राहायचा, तर आसापासूनचं अंतर जितक्या पट घटलं तितक्या पट वेग वाढायला हवा. ३० अंशांवर ते अंतर ०.८६६ पट उरतं. १,६७० भागिले ०.८६६ म्हणजे सुमारे १,९२८. त्यातून तिथल्या जमिनीचे १,४४६ वजा करा. उरले ताशी ४८२ किलोमीटर, पूर्वेकडे! एवढा वारा नुसत्या भूमितीतून निघतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

प्रत्यक्षात वातावरणातले मोठमोठे भोवरे यातला बराच संवेग वाटेतच काढून घेतात. तरी हिवाळ्यात पश्चिम आशिया आणि उत्तर भारतावरून, १०-१२ किलोमीटर उंचीवर वाहणारा हा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, ताशी २०० किलोमीटर सहज गाठतो. जाताना विमानं त्याला शक्य तितकं टाळतात, येताना पाठीशी घेतात. पंचांगातल्या दिशाशूलाप्रमाणे सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला जाऊ नये. जेट प्रवाह मात्र वार न विचारता ढकलतो.

"म्हणजे जाताना गेलं ते येताना मिळालं. फिट्टंफाट," मावशी म्हणाली.

तसंही नाही. सोयीसाठी गोल आकडे घेऊ: विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर, वारा १०० चा. जाताना वेग ८०० उरला, म्हणून ९ तास. येताना १,००० झाला, म्हणून ७ तास १२ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १६ तासच लागले असते. वरची १२ मिनिटं वाऱ्याने खाल्ली, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि पाठीवरच्या वाऱ्यात कमी.