कल्पनारम्य ॲनिमेपट, जपानी

कल्पनारम्य ॲनिमेपट, जपानी : देवदेवता (कामी), भूतपिशाच्चसदृश योनी (योकाई), बोलणारे पशू, मंत्रतंत्र किंवा सर्वस्वी काल्पनिक भूगोल यांभोवती रचलेले जपानी ॲनिमेशनपट. दूरचित्रवाणी मालिकांचा विचार येथे प्रसंगोपात्तच केला आहे. जपानी व्यक्तिनामे आडनाव आधी या तिकडच्या क्रमाने दिली आहेत.

‘ॲनिमे’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आढळतात. एका मताने तो फ्रेंचमधून आला, तर दुसऱ्या मताने ‘ॲनिमेशन’ या इंग्रजी शब्दाचे ते जपानी पद्धतीचे तोडलेले रूप आहे. लांब परकीय शब्द आखूड करून रूढ करण्याची जपानी भाषेची सवय पाहता दुसरे मत अधिक स्वीकारार्ह वाटते. शब्द रूढ झाला तोही बराच उशिरा. त्याआधी ‘सेंगा’ (रेखाचित्र), ‘मांगा एइगा’ (मांगा म्हणजे चित्रकथा; चित्रकथा-चित्रपट) आणि ‘दोगा’ (हलते चित्र) या संज्ञा प्रचारात होत्या. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तोएई दोगा या संस्थेच्या नावात यांतील शेवटची आढळते. जुन्या चित्रपटांना आज सरसकट ‘ॲनिमे’ म्हटले जाते, ते कालविपर्यासाचेच उदाहरण होय.

आद्य कृती कोणती, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. क्योतो येथील एका जुन्या संग्रहात ३५ मिमी. फितीचा एक तुकडा सापडल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. त्यात ५० चौकटी असून सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने तो जेमतेम तीन सेकंद चालतो. खलाशी गणवेशातील एक मुलगा ‘कात्सुदो शाशिन’ (चलत्छायाचित्र) ही अक्षरे लिहितो, वळतो, टोपी काढून नमस्कार करतो. चित्रे छायाचित्रणाने घेतलेली नाहीत. साच्यातून लाल व काळा रंग थेट फितीवर उमटवलेला आहे. खेळण्यातील प्रक्षेपकांसाठी विकल्या जाणाऱ्या जर्मन फितींशी या तंत्राचे साम्य दिसते. कर्ता अज्ञात आहे. फितीचा काळ साधारणपणे १९०७ च्या सुमारास धरतात. मात्र तो तंत्रावरून व सोबत सापडलेल्या वस्तूंवरून बांधलेला अंदाज आहे, लेखी पुरावा नाही. मेजी कालखंडाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९१२ पर्यंत, तो पुढे ओढण्यास वाव राहतो. शिवाय ही फीत चित्रपटगृहात दाखवली गेल्याची नोंद नसल्याने तिला परंपरेचा आरंभ मानणे धाडसाचे ठरेल. प्रस्तुत नोंदीत १९१७ हेच आरंभवर्ष धरले आहे.

त्या वर्षी शिमोकावा ओतेन, कितायामा सेइतारो व कोउची जुनइचि या तिघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे लघुपट प्रदर्शित केले. पहिला मान शिमोकावांचा, याविषयी बहुतेकांचे एकमत आहे. पण त्यांचा नेमका कोणता चित्रपट पहिला, याबाबत जुने संदर्भग्रंथ व अलीकडचे संशोधन यांत फरक पडतो. कोउची यांची ‘नामाकुरा गाताना’ (बोथट तलवार) ही कृती ओसाका येथे जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडली व २००८ मध्ये लोकांपुढे आली. तिच्यासोबत मिळालेली ‘उराशिमा तारो’ची प्रत कितायामांची १९१८ मधील कृती म्हणून गाजली, ती त्यांचीच का, याविषयी पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या. कासवाला वाचवणारा कोळी समुद्रतळच्या महालात जाऊन येतो आणि परततो तेव्हा गावी कित्येक वर्षे उलटलेली असतात, ही ती लोककथा. अद्भुतरसाचा जपानी ॲनिमेशनमधील शोध याच कथेपासून घ्यावा लागतो. तेव्हा प्रतीचे कर्तृत्व अनिश्चित राहणे ही अभ्यासकांची मोठीच अडचण आहे. १९२३ च्या कांतो भूकंपात व त्यानंतरच्या आगीत तत्पूर्वीचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. मोमोतारो या लोककथेतील वीराला नौदलाच्या प्रचारासाठी राबवणारा सेओ मित्सुयो यांचा १९४५ मधील चित्रपट पहिला पूर्ण लांबीचा जपानी ॲनिमेशनपट समजला जातो.

रंगीत पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट म्हणजे तोएईचा ‘हाकुजादेन’ (श्वेतसर्पिणीची कथा, दिग्दर्शक याबुशिता ताइजी, २२ ऑक्टोबर १९५८). कथा मूळची चिनी आहे. शालेय वयात तो पाहून आपण या व्यवसायाकडे ओढले गेलो, असे मियाझाकी हायाओ यांनी सांगितले आहे. १९६३ मध्ये ते तोएईतच रुजू झाले.

मियाझाकी व ताकाहाता इसाओ यांच्या जिब्ली स्टुडिओची स्थापना १९८५ ची. मियाझाकींचा १९८४ चा ‘नाउसिका’ त्यामुळे काटेकोरपणे जिब्लीपट नव्हे, तरी याद्यांत तो नेहमी घुसतो. (‘जिब्ली’ हा सहारातील उष्ण वाऱ्याचा इटालियन शब्द. मराठीत ‘घिबली’ रूढ झाले, तेही २०२५ मधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांच्या लाटेमुळे. जपानी उच्चार ‘जिबुरी’.) मियाझाकींच्या २००१ च्या ‘स्पिरिटेड अवे’ला बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल (२००२, विभागून) व ऑस्कर (२००३) मिळाले. त्याच्या मूळ नावातील ‘कामिकाकुशि’ म्हणजे देवांनी माणूस दडवणे. आपल्याकडील चकव्याच्या कल्पनेशी तिचे थोडे नाते जुळते, पण चकवा वाट चुकवतो, कामी माणूसच नेतात.

हे चित्रपट प्रेक्षकांपर्यंत कसे पोचले, याचा वृत्तांत स्वतंत्र आहे. मियाझाकींचा १९८८ चा ‘माय नेबर तोतोरो’ हा हलकाफुलका बालपट ताकाहातांच्या युद्धातील अनाथ भावंडांवरील चित्रपटाला जोडून दाखवण्यात आला. अशी जोडी आज कोणी सुचवली, तर त्याला वेड्यात काढतील. थिएटरांत यश बेताचे मिळाले. ‘किनेमा जुन्पो’ या नियतकालिकाने मात्र तोतोरोला वर्षातील सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवले, आणि खरी लोकप्रियता दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणांनी दिली. मियाझाकींच्याच ‘लापुता’ या १९८६ मधील चित्रपटाच्या अशाच एका प्रक्षेपणात (ऑगस्ट २०१३) अखेरचा मंत्र उच्चारला जाताच प्रेक्षकांनी तो एकाच वेळी ट्विटरवर टाकला, सेकंदाला १,४३,१९९ ट्वीट हा तेव्हाचा विक्रम होता. परदेशी वाट खडतर होती. ‘नाउसिका’ची अमेरिकेतील पहिली आवृत्ती वीसहून अधिक मिनिटे कापलेली होती, त्या अनुभवाने पुढे ‘एकही काटछाट नाही’ ही अट घातली गेली. मुलांसाठी तोतोरो सुचवण्याची प्रथा रास्त आहे. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) मात्र केवळ ‘कार्टून’ म्हणून मुलांपुढे लावली जाते, हे योग्य नव्हे : तिच्यात बाणांनी हात व शिरे तुटतात.

भारतात डोरेमॉन-शिनचॅनसारख्या हिंदीतून आलेल्या मालिकांनी जपानी ॲनिमेशन घरोघरी नेले. कल्पनारम्य चित्रपट मागे राहिले. शिंकाई माकोतो यांचा ‘वेदरिंग विथ यू’ चाहत्यांच्या पन्नास हजारांवर सह्यांच्या मागणीनंतर ११ ऑक्टोबर २०१९ रोजी येथे प्रदर्शित झाला. २०२० मध्ये जिब्लीचे २१ चित्रपट नेटफ्लिक्सवर आले. याहून जुना दुवा ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा भारत-जपान सहनिर्मितीचा. उत्खननावरील माहितीपटासाठी भारतात आलेल्या साको युगो यांची ही कल्पना, ॲनिमेशनकार राम मोहन यांचे दिग्दर्शन-साहाय्य आणि वनराज भाटिया यांचे संगीत. साल कोठे १९९२, तर कोठे १९९३ दिलेले आढळते. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, एवढे निश्चित. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल व रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्या ध्वनिमुद्रणासह भारतीय चित्रपटगृहांत आला.